सिंहावर बसलेला घोडा

पत्रा दाबून भाग छापणाऱ्या प्रेसशॉपमधला तपासनीस म्हणून माझा शब्द पिंपरीत कुणी खाली पडू देत नाही. पत्र्याचा तुकडा हातात द्या. तो डायमध्ये, म्हणजे साच्यातच बिघडला की नंतर कुणाच्या हातून आपटला, हे मी चहा निवायच्या आत सांगतो! मग एका जुन्या पैशाची काय कथा?

पैसा माझ्या बायकोचा, शालनचा. ती जाऊन अजून वर्ष व्हायचंय. मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीखाली तो मला सापडला. घोड्याचं चित्र असलेला, तांब्याच्या रंगाचा. एका बाजूला घोडा होता, ते ठीक. पण दुसऱ्या बाजूला, जिथे सिंह असायला हवेत, तिथेही घोडाच! तोही उलट्या तोंडाचा आणि आत खचलेला, चिखलात लोळून उठून गेल्यासारखा!

"टाकसाळीची चूक!" मी रिकाम्या घरात ओरडलो.

आमच्याकडे असं होतं ना! छापलेला तुकडा डायला चिकटून राहतो, ऑपरेटर बघत नाही, आणि पुढच्या तुकड्यावर त्या चिकटलेल्याचाच उलटा ठसा उमटतो. टाकसाळ म्हणजे तरी काय, सरकारचं प्रेसशॉपच!

कंपनीत छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. मी पेंटरकडून कार्ड लिहून घेतलं: 'टाकसाळीची दुर्मिळ चूक. संग्रह: कै. शालन मारुतराव काटे.' तिचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे लागलं नव्हतं. आता काचेत लागणार! मला दुसरं काही नको होतं.

कँटीनमध्ये मी एकदाच सांगितलं. शिफ्ट सुटेपर्यंत पैशाला दोन घोडे आणि एक रथ झाला! पिंपळे गुरवहून लोक बघायला आले. सोपानराव वेल्डर पापडासारखा चपटा झालेला पैसा घेऊन हजर.

"मारुतराव, ही पण टाकसाळीचीच चूक का?"

"ही ट्रकची चूक आहे, राव!"

सगळे हसले. मी तर छाती एवढी फुगवली की शर्टाचं बटण तुटलं.

नाण्यांचं टेबल टाइम ऑफिसच्या जयसिंगकडे होतं. त्यानं भिंग लावलं आणि पैसा उलटसुलट फिरवून पाहिला.

"मारुतराव, ह्या घोड्याच्या पोटात सिंह आहे."

"काय?"

"बघा ना. हा कान, ही आयाळ. टाकसाळीत चूक झाली असती, तर इथे सिंह उमटलाच नसता. सिंह आधी छापला, घोडा नंतर दाबला गेला. आणि मागचा घोडा बघा, भाकरीसारखा थापलाय. हे टाकसाळीबाहेरचं काम. प्रदर्शनात फक्त खऱ्या चुका घेतो आम्ही."

मी भिंगातून पाहिलं. सिंह होता! एवढा धडधडीत कान मला कसा दिसला नाही, देव जाणे. कार्ड खिशात घातलं आणि घरी आलो.

शेजारच्या मदिनाभाभी ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. माझा चेहरा बघून उठल्या. "काय झालं भाऊ?" मी पैसा दाखवला.

"या अल्ला! ह्यो तर पाट्याखालचा!"

"कुठल्या पाट्याखालचा?"

"तुमच्याच की! फरशी दबलेली, पाटा डुगडुगायचा. शालनबाईनं खाली टेकू म्हणून पैशावर पैसा ठेवला आन् वर वरवंट्याचा दणका, रोजचा! तुम्ही मला पाटा दिला तवा वरचा पैसा मीच मिसळणाच्या डब्यात टाकला. खालचा निघंना, राहू दिला."

मी चुलीजवळची फरशी उलथन्यानं खरवडली. खालचा पैसा निघाला. एकावर एक ठेवले, तर डब्यावर झाकण बसावं तसे बसले! आमच्या शंभर टनी प्रेसला जे जमतं, ते माझ्या बायकोनं चटणी वाटता वाटता केलं होतं!

मी दोन्ही पैसे घेऊन परत कंपनीत धावलो. "जयसिंग, ही चूक नाही, हे काम आहे! ठेव टेबलावर!"

"मारुतराव, नियम आहे हो..." म्हणत तो टेबलाला रेलला, आणि टेबल कलंडलं! सगळी नाणी घरंगळत एका कोपऱ्यात. एक पाय आखूड!

"थांब!" मी म्हणालो. "हे माझं खातं." टूलरूममधून पत्र्याची पट्टी आणली, मायक्रोमीटरनं मोजली, पायाखाली सारली. टेबल डुललं. दुसरी सारली. उलट्या बाजूला डुललं!

जयसिंगनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे. "ते... पैसे द्या बघू."

दोन्ही पैसे पायाखाली गेले आणि टेबल खांबासारखं उभं राहिलं! जयसिंगनं ढकलून पाहिलं, सोपानरावानं वर बसून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

कार्डाचा वरचा भाग मी कापून टाकला. नाव ठेवलं, आणि टेबलाच्या पायाला खालीच चिकटवलं.

प्रदर्शन दणक्यात झालं. अख्खं टेबल शालनच्या जिवावर उभं होतं. नाव वाचायला माणसाला पार कमरेत वाकावं लागायचं. साहेबसुद्धा वाकले! ते तिला नमस्कार करत होते, असं मी सगळ्यांना सांगतो. बुटाची नाडी सुटली होती, असं सोपानराव सांगतो.