बोट फिरवून ठरवायचा गचाळपणा

समाज स्वच्छ राहायचा तर कोण गचाळ आहे हे वेळच्या वेळी ठरवावं लागतं. वडगावच्या विणकर गल्लीत ही जबाबदारी जयवंताबाईंनी आपणहून उचलली होती (पगार नव्हता, समाधान भरपूर).

'गचाळ' हा शब्द वापरण्याचे त्यांचे नियम सोपे होते. दुसऱ्याच्या अंगणात खरकटं भांडं दिसलं तर ते गचाळ. आपल्या अंगणातलं भिजत घातलेलं. दुसरीच्या केसांत सुताचे तंतू अडकले तर अवतार; आपल्या केसांत अडकले तर कष्ट. पाहुणा न सांगता आला, तर घर नुकतंच आवरायला काढलेलं असतं.

मुलासाठी, सौरवसाठी, मुली बघतानाही त्यांनी हीच शिस्त पाळली. मुलीच्या घरी बोलता बोलता फळीवरून बोट फिरवायचं आणि धूळ लागली की पोह्यांना हात न लावता उठायचं. अशा रीतीने निम्मा तालुका गचाळ निघाला. सौरवचे पुढचे केस विरळ झाले.

"आई, आज तरी बोट आवर गं," पिरनवाडीला मुलगी बघायला जाताना तो काकुळतीला आला. तिथल्या प्रियदर्शनीला त्याने एका लग्नात लांबून पाहिलं होतं. तेव्हापासून मागावर त्याचं लक्ष नव्हतं, धागे तुटत होते.

प्रियदर्शनीचं घर लख्ख होतं. जयवंताबाई अस्वस्थ झाल्या. कोपरान् कोपरा तपासून शेवटी त्यांनी शोकेसवरच्या पांढऱ्याशुभ्र रुमालावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. रुमालावर मात्र काळा पट्टा उमटला. निघताना मागाला तेल घालून त्यांनी हात पदरालाच पुसले होते (आपल्या घरात याला घाई म्हणतात).

मुलीच्या आईने हसतमुखाने सोफ्यावरचं पांढरं कापड तेवढं काढून घेतलं.

निरोप मध्यस्थ मष्णू आप्पांनी आणला. "पोरगा लई चांगला हाय म्हंत्यात. पन आई जरा गचाळ हाय म्हनं."

"बघितलास? तोंडंच गचाळ हैत त्यांची," जयवंताबाई म्हणाल्या. "वाचलास बघ!"

सौरवला वाचल्यासारखं वाटलं नाही. तो तुटलेले धागे जोडायला गेला.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर अगदी अशीच एक बाई आली असेल. तिनेही हे वाचलं आहे, आणि तिला तुमची आठवण आली.