सायलस डॅब सन्मान कुंपण

यंडरिन फुटबॉल क्लबच्या कार्यकारी समितीने फेब्रुवारीच्या बैठकीत एकमताने ठरवले, की क्लबच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ आदिवासी खेळाडूंचा एक संघ निवडावा आणि त्याचा यथोचित सत्कार करावा. ठरावामागचे कारण गंभीर होते. शेजारच्या गावाने गेल्या वर्षी असा संघ निवडला होता, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, आणि फोटोत त्यांचा अध्यक्ष फार उदार दिसत होता.

आमचे अध्यक्ष नेव्हिल प्रॉक्टर ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे विकतात. माणूस मनाने वाईट नाही; कुणाचे दुःख कानावर आले की त्यांचा चेहरा आपोआप लांबट होतो. निवडीसाठी त्यांनी पाच जणांची उपसमिती नेमली. तिच्यात एकही नुंगार, म्हणजे इथल्या आम्हा आदिवासींपैकी, माणूस नव्हता. मालगाडीच्या रुळांपलीकडे आमची नुंगारांची वस्ती आहे. तिथल्या डोरीन डॅब यांनी अध्यक्षांना दुकानात पावाच्या फडताळापाशी गाठले आणि याचे कारण विचारले. प्रॉक्टरसाहेब म्हणाले, निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून.

उपसमितीने पात्रतेचा निकष ठरवला: क्लबतर्फे किमान पन्नास सामने. निकष अत्यंत न्याय्य होता आणि त्यात फक्त तीन माणसे बसत होती. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये एका बाजूला अठरा खेळाडू लागतात. तेव्हा उपसमितीपुढे असा प्रश्न उभा राहिला, की शंभर वर्षांत या मैदानावर इतके कमी आदिवासी का खेळले. या प्रश्नावर दोन बैठका झाल्या आणि आदिवासींना बहुधा सातत्याची आवड नसावी, असा निष्कर्ष निघाला.

खरी गोष्ट वस्तीवरच्या कुणीही सांगितली असती. क्लबमध्ये पूर्वी असा नियम होता, की संघात एका वेळी दोनच नुंगार असावेत. नियम लेखी नव्हता, त्यामुळे तो कधी मोडलाही गेला नाही. सध्याच्या अध्यक्षांचे वडील आल्फ प्रॉक्टर त्या काळी प्रशिक्षक होते. ‘दोघं असले की खेळाला रंगत येते, तिसरा आला की प्रेक्षक बावरतात,’ असे ते मोकळेपणाने सांगत.

त्याच काळात वस्तीवर डॅब भावंडांपैकी दोघे भाऊ खेळत होते, सायलस आणि त्याच्यापेक्षा लहान मर्व्हिन. सायलससारखा खेळाडू या भागाने पाहिला नाही. लंबगोल चेंडू तो कोपऱ्यातून असा मारायचा, की आधी तो गव्हाच्या कोठ्यांकडे निघाल्यासारखा वाटे आणि मग हवेतच विचार बदलून दोन खांबांच्या मधून जाई. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उंच झेल घ्यायचा आणि खाली आल्यावर त्याच माणसाचा सदरा झटकून द्यायचा. गावातली गोरी पोरे रविवारी आपापल्या आयांना न सांगता रूळ ओलांडून यायची आणि वस्तीच्या लाल मातीत सायलसकडून तो फटका शिकून जायची.

क्लबात एका वर्षी नुंगारांची एकच जागा रिकामी होती. आल्फ प्रॉक्टरनी दोघांना बघितले आणि मर्व्हिनला घेतले. मर्व्हिन कमी बोलायचा. सायलस मैदानाबाहेर राहिला, आणि बाहेर म्हणजे अगदी तारेच्या कुंपणापलीकडे. कारण आत यायला सभासद व्हावे लागे आणि सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागे. दर शनिवारी तो गुणफलकाजवळ तारेला टेकून उभा राहायचा. वारा कुठून वाहतोय ते हात वर करून भावाला दाखवायचा. मर्व्हिन त्याच्याकडे एकदा बघायचा आणि चेंडू मारायचा. त्या हंगामात मर्व्हिनने इतके गोल केले, की लोक त्याला नावाने हाक मारू लागले.

सगळे लोक नव्हे. कुंपणाच्या आतल्या बाजूला एक टोळके उभे असायचे, ते वेगळ्याच नावांनी हाका मारायचे. पुढच्या हंगामात एका शनिवारी मर्व्हिनने चेंडू खाली ठेवला, चालत त्या टोळक्यापाशी गेला आणि नुसता उभा राहिला. काही बोलला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली आणि खेळ थांबवल्याबद्दल चेंडू विरुद्ध बाजूला दिला. संध्याकाळी आल्फ प्रॉक्टरनी मर्व्हिनला सांगितले, की पुढच्या शनिवारी यायची तसदी घेऊ नकोस. अशा रीतीने मर्व्हिनचे पन्नास सामने व्हायचे राहून गेले.

आता हेच मर्व्हिनकाका सत्तरीत आहेत, आणि क्लबचा सर्वश्रेष्ठ आदिवासी खेळाडू कोण असे गावात कुणालाही विचारले तर त्यांचेच नाव निघते. उपसमितीची पंचाईत झाली. सर्वश्रेष्ठ खेळाडू सर्वश्रेष्ठांच्या संघात बसत नव्हता. अखेर विशेष बाब म्हणून त्यांना राखीव खेळाडूची जागा देण्यात आली. उरलेल्या जागा भरण्यासाठी निकष थोडा रुंद केला गेला. ज्यांच्या खेळावर आदिवासी शैलीचा ठसा आहे असे गोरे खेळाडूही पात्र ठरले. हे म्हणजे रविवारी रूळ ओलांडून यायचे तेच. कर्णधारपद केव्हिन स्टॅन्टन यांना मिळाले, कारण सायलसचा फटका त्यांना सर्वांत चांगला जमायचा. संघाचे प्रशिक्षक म्हणून कै. आल्फ प्रॉक्टर यांची निवड झाली. आदिवासी खेळाडू हाताळण्याचा त्यांच्याइतका अनुभव कुणालाच नव्हता.

अध्यक्ष स्वतः वस्तीवर आले. सोबत केक होता. मर्व्हिनकाकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, मला कुठेही ठेवा, नाहीतर ठेवू नका. सायलसचं नाव संघात घ्या. मग मी येतो.

सायलस ऐन पन्नाशीत हृदयविकाराने गेला होता. मेंढ्यांची लोकर कातरता कातरता शेडमध्येच खाली बसला, तो उठला नाही. तो असताना किंवा गेल्यावर त्याचे नाव मैदानात कधी कुणी पुकारले नव्हते, आणि मर्व्हिनकाकांना आयुष्यात आता तेवढेच एक हवे होते.

प्रॉक्टरसाहेबांचा चेहरा लांबट झाला. विषय समितीपुढे गेला. समितीने नोंदवले, की कै. सायलस डॅब क्लबतर्फे एकही सामना खेळलेले नाहीत, आणि क्लबने त्यांना खेळू दिले नाही असेही म्हणता येत नाही, कारण त्यांनी कधी विचारले नव्हते. तथापि ते प्रत्येक सामन्याला हजर असत, ही बाब निर्विवाद होती. म्हणून समितीने खास त्यांच्यासाठी नवा किताब निर्माण केला: सर्वश्रेष्ठ आदिवासी प्रेक्षक.

हे कळले तेव्हा डोरीनआत्या बटाटे सोलत होत्या. भावंडांत त्याच थोरल्या. हसायला लागल्या त्या सुरी खाली ठेवेपर्यंत हसतच राहिल्या, आणि मग डोळे पुसायला वेगळे कारण शोधावे लागले नाही.

“जाणार आहेस का तू?” त्यांनी मर्व्हिनकाकांना विचारले.

“नाव पुकारतील ना त्याचं.”

“प्रेक्षक म्हणून.”

“पुकारतील तर खरं.”

आत्यांनी सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, “जा मग. पण त्यांचं मटण खाऊन नुसता परत येऊ नकोस. त्या दिवशी तारेपाशी जे बोलला नाहीस ना, ते बोलून ये.”

सत्काराला सगळे गाव लोटले. भाजलेले मेंढीचे मटण होते, गोड पदार्थ होते, आणि सुरुवातीला या भूमीच्या मूळ मालकांचे ऋण मानणारे चार शब्द प्रॉक्टरसाहेबांनी वाचून दाखवले. आम्ही मूळ मालक दाराजवळच्या टेबलापाशी बसलो होतो. संघ जाहीर झाला. केव्हिन स्टॅन्टननी सर्वश्रेष्ठ आदिवासी कर्णधाराचे पदक नम्रपणे स्वीकारले. सायलसचे नाव पुकारले गेले ते मटण वाढताना, त्यामुळे अर्ध्या लोकांना ऐकूच आले नाही. मग राखीव खेळाडू म्हणून मर्व्हिनकाकांना बोलावले.

कमी बोलणारा तो माणूस माईकपाशी गेला आणि बोलला.

“माझ्यापेक्षा माझा भाऊ चांगला खेळायचा,” ते म्हणाले. “हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यानंच शिकवलं. आणि त्याला तुम्ही तारेच्या आत घेतलं नाही.”

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. मर्व्हिनकाका गोंधळले. त्यांना वाटले, बोललेले नीट कळले नसावे. म्हणून त्यांनी आणखी स्पष्ट सांगितले.

“त्या शनिवारी मला शिव्या देणारे इथंच बसलेत. कुणी बाहेरून आलं नव्हतं. केव्हिन, तू होतास. तुझा आवाज मला आजही ओळखू येतो.”

टाळ्या वाढल्या. केव्हिन स्टॅन्टन पदकासकट उभे राहिले आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. ते उभे राहिल्यावर बसून राहणे बरे दिसेना, म्हणून सगळेच उठले. मर्व्हिनकाका म्हणाले, खाली बसा, माझं झालेलं नाही. ते वाक्यही लोकांना फार भिडले. त्यानंतर ते काय म्हणाले हे दाराजवळ आम्हालाही ऐकू आले नाही, इतका टाळ्यांचा गजर होता.

गाडीत डोरीनआत्यांनी विचारले, कसं वाटतंय. मर्व्हिनकाका रूळ ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

“शिव्यांपुढे उभं राहता यायचं गं,” ते म्हणाले. “टाळ्यांपुढे काय करायचं?”

त्या भाषणाने समिती इतकी हेलावली, की आठवड्याभरात तिने भरपाईचा निर्णय घेतला. सायलस डॅब यांचे नाव मैदानावर कायमचे राहिले पाहिजे. पण प्रेक्षागृहाला आधीच आल्फ प्रॉक्टरांचे नाव होते, गुणफलकाला बँकेचे होते, स्वच्छतागृहाला देणे बरे दिसले नसते. तेव्हा एका सदस्याने सुचवले, की सायलस यांचे ज्या वास्तूशी आयुष्यभराचे नाते होते तिलाच त्यांचे नाव द्यावे. गुणफलकाजवळची तार काढून तिथे नवे, मजबूत, आधीपेक्षा हातभर उंच असे लोखंडी कुंपण उभारण्यात आले आणि त्यावर पितळी पाटी लागली: सायलस डॅब सन्मान कुंपण. फीत कापायला डोरीनआत्यांना बोलावले होते. त्यांनी हातातली कात्री प्रॉक्टरसाहेबांच्या हातात ठेवली आणि त्यांना सांगितले, की तुमच्याच लोकांनी बांधलंय, तुम्हीच कापा. वर्तमानपत्राने लिहिले, की भावनावेग अनावर झाल्याने त्यांना फीत कापता आली नाही.

क्लबचा आता स्त्रियांचाही संघ आहे. मर्व्हिनकाकांची नात टेगन त्यात खेळायची. दवाखान्यात परिचारिका आहे, आणि डाव्या पायाने चेंडू असा वळवते, की म्हाताऱ्यांना सायलस आठवतो. ऑगस्टमधल्या एका सामन्यात ती गुणफलकाच्या कोपऱ्यात चेंडू घ्यायला गेली तेव्हा कुंपणावरून तिला हाक आली. तिच्या आजोबांना ज्या नावाने यायची त्याच नावाने. शब्दसुद्धा बदलला नव्हता.

टेगनने रीतसर तक्रार केली. ती आताच्या पिढीची आहे. तिला वाटले, आता रीत आहे तर वापरावी. प्रॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून घेतले, खुर्ची दिली, चहा दिला. तिने घडले ते सांगितले. त्यांचा चेहरा लांबट झाला.

“नेमकं कुठून आवाज आला म्हणालीस?”

“गुणफलकाजवळच्या कुंपणावरून.”

“सायलस डॅब सन्मान कुंपणावरून?”

“हो.”

“बेटा,” ते कळवळून म्हणाले, “ते शक्य नाही. ते आपण सन्मानासाठी बांधलंय.”

चौकशी झाली. कुंपणालगत उभ्या असलेल्या सर्वांना विचारण्यात आले, कुणीच काही ऐकले नव्हते. उलट काहींनी सत्काराच्या वेळी आपण उभे राहून टाळ्या वाजवल्याचे निदर्शनास आणले. समितीने निर्णय दिला, की तक्रार प्रामाणिक असली तरी तिच्यामुळे कै. सायलस डॅब यांच्या स्मृतीचा नकळत अवमान झाला आहे. तक्रारदार कुटुंबातीलच असल्याने माफी मागण्याचा आग्रह मात्र धरू नये.

टेगनने निर्णय आजोबांना वाचून दाखवला. मर्व्हिनकाकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग आत गेले आणि बूट घालून बाहेर आले. तिला म्हणाले, चल, उजेड आहे तोवर तुझा उजवा पाय बघू, तो कच्चा आहे.

तिने क्लब सोडला. तिच्यामागून आणखी सहा-सात जणी आल्या, त्यातल्या दोघी गोऱ्या; उरलेल्या जागा वस्तीवरच्या पोरींनी भरल्या. वस्तीच्या लाल मातीत आता त्यांचा संघ सराव करतो आणि शेजारच्या तालुक्याच्या स्पर्धेत खेळतो. पहिल्या वर्षी सपाटून हरल्या, दुसऱ्या वर्षी आंतरतालुका सामन्यात यंडरिनला त्यांच्याच मैदानावर हरवले. मर्व्हिनकाका फटके शिकवतात. डोरीनआत्या खुर्ची टाकून बसतात आणि कुणी झेल सोडला की तिच्या आईपासून उद्धार सुरू करतात. आमच्या मैदानाला कुंपण नाही; मेंढ्या आत येतात, त्यांना हाकलावे लागते, एवढाच त्रास.

क्लबचा सत्कार-समारंभ मात्र दरवर्षी होतो. मर्व्हिनकाका आता जात नाहीत. त्यांची रिकामी खुर्ची मंचावर ठेवतात आणि सगळे सभागृह उभे राहून तिला टाळ्या वाजवते. जाणकारांचे मत असे, की खुर्ची काकांपेक्षाही चांगली बोलते.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटले असेल. वाटणारच, तुम्ही संवेदनशील माणसे आहात. आमच्या समितीलाही वाईट वाटते. दरवर्षी, न चुकता, जेवणानंतर. मग थोडे हलके वाटते, आणि सगळे आपापल्या घरी जातात.