सीटखालचा अर्धा इंच

स्पर्धा प्रामाणिक राहावी म्हणून नियम असतात, आणि नियम प्रामाणिक राहावेत म्हणून जिंकणाऱ्याचं इंजिन उघडतात. हरणाऱ्याचं उघडत नाहीत. हरणं हाच प्रामाणिकपणाचा पुरेसा दाखला मानला जातो.

इंजिनांची हेडं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला हे अगदी मान्य होतं. (त्याची गाडी अकरा वर्षं हरत होती, त्यामुळे अमान्य असायचं काही कारणच नव्हतं.) गाडी चालवायची त्याची बायको. चारशे मीटर सरळ रस्ता, शेजारी दुसरी गाडी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. वर्ग 'मूळ स्वरूप', म्हणजे इंजिन कारखान्यातून आलं तसंच हवं. सूट एकच: सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो, ती सीट नव्याने कापता येते, पण कटर सीटखाली अर्धा इंचच उतरू शकतो. पुढचा हवेचा मार्ग घासला तर इंजिन जास्त हवा ओढतं, म्हणून तो ओतकामाचा, खडबडीत आणि पवित्र. या अर्ध्या इंचासाठी नियमपुस्तकात नऊ पानं आहेत. (ब्रेकसाठी दीड.)

त्या वर्षी मिस्त्रीने सीटा अशा कापल्या, की हेड उलटं ठेवून रॉकेल ओतलं तरी दोन तासांत थेंब पाझरला नाही. कटर बरोबर अर्ध्या इंचावर थांबवला. त्याखाली बोटसुद्धा लावलं नाही. बायको सेकंदाच्या चार शतांशांनी जिंकली आणि हेल्मेटसकट त्याच्या गळ्यात अशी पडली, की त्याचं नाक फुटलं. तसंच नाक दाबून तो हसत तपासणीच्या शेडमध्ये गेला.

मुख्य तपासनीसांकडे मापं घ्यायची सगळी उपकरणं होती, पण भरवसा स्वतःच्या करंगळीवर. ती त्यांनी आत घातली आणि डोळे मिटले.

"गुळगुळीत लागतंय."

"साहेब, माझं काम अर्ध्या इंचावर संपलंय. मोजून बघा. पुढचं ओतकाम कारखान्याचंच आहे, ह्या हेडला चांगलं उतरलंय."

"कारखान्याचं काम, आणि चांगलं?" तपासनीस कळवळून म्हणाले. "अहो मिस्त्री, थाप मारायची तर पटेल अशी तरी मारा."

गाडी बाद. कारणाच्या रकान्यात 'संशयास्पद नेटकेपणा'.

मग दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या दाढीवाल्याचं हेड उघडलं. त्याने हवेचा मार्ग तळापर्यंत घासला होता आणि वर वाळूचा मारा करून पुन्हा खरखरीत केला होता. करंगळी सुखावली. "याला म्हणतात अस्सल ढिसाळ काम!" चषक त्याला.

परतताना बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला एवढं जमू नये?"

"नियमात बसत नाही ते."

"नियमात बसलोच होतो की आपण. उठवलं आपल्याला."

पुढच्या हंगामापर्यंत मिस्त्रीने मार्ग खालपर्यंत घासला, आणि मग तीन आठवडे बसून कारखान्याचा निष्काळजीपणा हाताने कोरला: साच्याच्या सांध्याची एक वाकडी रेघ, हवेचे दोन बुडबुडे, कोपऱ्यात वाळू चिकटून राहिल्यासारखा भास. आयुष्यात इतकं बारीक काम त्याने कधी केलं नव्हतं.

गाडी पाव सेकंदाने जिंकली. तपासनीसांनी करंगळी बाहेर काढून मिस्त्रीची पाठ थोपटली. "आलात ना मार्गावर?" नियमपालनाचं विशेष प्रशस्तिपत्रही मिळालं. मिस्त्रीने ते दोन्ही हातांनी घेतलं.

आता, पहिल्या वर्षी त्याने त्या अर्ध्या इंचाखाली खरोखरच हात लावला नव्हता. हे स्पष्ट सांगूनही 'थोडं तरी खरवडलं असेलच की' असं वाचताना तुमच्या मनात येऊन गेलं असेल, तर तपासणी समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही.