जागा आहे की नाही?

मूल झोपवण्यात माझा हात धरणारं त्या काळी कुणी नव्हतं. म्हणूनच नणंदेच्या तोंडी परीक्षेला तिचं रांगतं बाळ सांभाळायला मी गेले. पास झाली तर कॉलेजात शिकवायची नोकरी, नाहीतर बस घरी. गेल्या खेपेला पहिल्याच प्रश्नाला तिची दातखीळ बसली होती.

"वहिनी, हा रडला तर मी सगळं विसरेन हं."

"निर्धास्त जा. माझ्या मांडीवर घोडासुद्धा घोरतो."

तिची घोकंपट्टी ऐकून मलाही विषय पाठ झाला होता. इलेक्ट्रॉनची जागा नेमकी ठरवावी, तर वेगाचा अंदाज सुटतो; वेग पकडावा, तर जागेचा. "बाळाचंही तेच," मी म्हणाले होते. "जागा आहे का बघायला गेलं, की जागा होतो."

"ही गडबड बघणाऱ्याची नाही, वहिनी. इलेक्ट्रॉनचा स्वभावच तसा आहे."

मला काही फरक वाटला नाही. स्वभाव म्हटला की बाळाचाही आलाच.

व्हरांड्यातल्या बाकावर बाळ गाढ झोपलं. दार किलकिलं होतं. आत परीक्षकांनी काहीतरी विचारलं. मी दाराकडे कान लावला.

"बोला की," परीक्षकांचा आवाज चढला. "जागा? जागा?"

आता कुणालाही वाटेल, की बिचारे बाळाची चौकशी करताहेत.

"नाही हो, झोपलाय!" मी खणखणीत आवाजात सांगितलं.

झालं. बाळ दचकून उठलं, मांडीवरून घसरलं आणि सुसाट रांगत आत. मागोमाग पदर सावरत मी.

आधी नणंदेला हसू फुटलं, मग वाचा. जागा, वेग, इलेक्ट्रॉन, सगळं धडाधडा सांगून मोकळी झाली.

"मग हा नियम या बाळाला लागू नाही?" परीक्षकांनी पाय वर घेत विचारलं.

"आहे, सर. पण एवढ्या वजनाला ती अनिश्चितता इतकी बारीक, की कुठल्याच मापात येत नाही. आत्ता त्याची जागा तुमच्या टेबलाखाली. वेग आमच्या वहिनींपेक्षा थोडा जास्त."

पास झाली. त्या नोकरीतून निवृत्तही झाली. "मी नसते तर पास झाली असतीस का गं?" असं मी अजून चारचौघांत विचारते.

"तुमचा वाटा आहेच, वहिनी," ती म्हणते. "फक्त मापात येत नाही."