तुपाकीचं चंदन

सिद्धार्थने लाकडी गज रायफलीच्या नळीत घातला. तो चार बोटं आत गेला आणि थांबला. सिद्धार्थने जोर लावला, गज फिरवून पाहिला, मग नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. पलीकडचा उजेड काही दिसेना.

"बाबा, ही नळी आहे की भरीव सळई?"

"राहू द्या, माप्पिळ्ळै," सासरे राममूर्ती वेताच्या खुर्चीतून आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले. जावयाला ते लाडाने असंच तमिळमध्ये हाक मारत. "म्हातारी अहे ती. तिला कशाला तरास?"

आता खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप सिद्धार्थने स्वतःच ओढवून घेतला होता. तो मूळचा साताऱ्याचा, श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात इंजिनं तपासायचा. अशा माणसाला लग्नाच्या पंगतीत गप्प बसवत नाही. मागच्या आठवड्यात एका लग्नात राममूर्ती आपल्या वडिलांची, म्हणजे अप्पांची गोष्ट सांगत होते. तंजावरजवळ उसात शिरलेलं रानडुक्कर अप्पांनी याच रायफलीच्या, घरच्या भाषेत तुपाकीच्या, एका गोळीत लोळवलं, ती गोष्ट. नात्यातल्या प्रत्येकाला ती पाठ होती. तेवढ्यात त्यांचे चुलतभाऊ जनकोजी पायसम ओरपत म्हणाले, "ती तुपाकी कधी उडालीच नाही."

पंगत गार झाली. आणि आपला सिद्धार्थ उत्साहाने म्हणाला, "अहो, ते तपासता येतं की! गोळीला तांब्याचं आवरण असेल तर त्याचा थर नळीत राहतो. नळी साफ करायची, तांबं ओळखणाऱ्या औषधाची चिंधी फिरवायची. निळी झाली, तर उडाली होती."

"मग रविवारी अकराला येतो मी," जनकोजी म्हणाले.

चारचौघांत राममूर्ती नाही कसं म्हणणार? घरी येईपर्यंत रिक्षात ते बाहेरच बघत राहिले. त्यांनी जन्मभर बँकेत कारकुनी केली होती, आणि सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काय होतं, तर शिकारी बापाचा मुलगा असणं.

तर रविवारी सकाळी आठ वाजता, बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, सिद्धार्थ वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या बाल्कनीत बसला. जॉर्ज टाउनच्या बाजारातून त्याने औषधाची बाटली, दोन लाकडी गज आणि एक पितळी ब्रश आणला होता. त्याने नळीत रॉकेल ओतलं. अर्ध्या तासाने गज पुन्हा फिरवला, तर टोकाला पिवळट, चिकट लगदा आला. त्याने तो हुंगला.

"आई," तो सासूबाईंना म्हणाला, "याला चंदनाचा वास येतोय."

"येणारच," अलमेलू म्हणाल्या. "दर आयुधपूजेला हे तिच्या तोंडाला चंदन लावतात. बोट आत घालून लावतात. वरून एक मोगऱ्याचं फूल, चार अक्षता आणि पळीभर तिळाचं तेल."

"किती वर्षं?"

"अमचं लग्न झालं त्याच्या आधीपासून."

सिद्धार्थने डोक्याला हात लावला. इंजिनातली काजळी, गंज, जळकं तेल त्याने पाहिलं होतं. भक्तिभावाचा थर पहिल्यांदाच बघत होता. तो जोमाने घासू लागला, तसा गज कडकन मोडला आणि अर्धा तुकडा आत राहिला.

"आता पोदुम," राममूर्ती उठून म्हणाले. पुरे म्हणजे पुरे. "जनकोजीला फोन करून सांगतो, आत काठी अडकली."

"थांबा हो," म्हणत अलमेलूंनी पातेलंभर पाणी उकळलं, त्यात शिकेकाई घातली आणि नरसाळं लावून नळीत ओतलं. तीनदा ओतल्यावर तुकडा सुटला. पाठोपाठ तपकिरी फुलं आली, तांदूळ आले, लाडवासारखे चंदनाचे गोळे आले आणि बाल्कनीतून सगळं पाणी खालच्या मजल्यावर गेलं. खालून शेजारीण सौम्या मामींनी हाक मारून विचारलं, "आज कसली पूजा? प्रसाद पाठवा."

साडेदहाला नळी आतून चकचकीत झाली. सिद्धार्थने पितळी ब्रश बाजूला ठेवला.

"हा आता आत घालायचा नाही," तो म्हणाला. "पितळेत तांबं असतं. औषध लागलं की हाच निळा रंग सोडतो, आणि परीक्षा खोटी होते."

त्याने नळी कोरडी पुसली, औषधाची चिंधी दुसऱ्या गजावर गुंडाळून आत सारली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबला. राममूर्ती खुर्चीच्या कडेला आले होते. सिद्धार्थलाही राहवत नव्हतं. त्याने चिंधी ओढली.

पांढरीशुभ्र.

त्याने दुसरी घातली. तीही पांढरी. एवढी स्वच्छ चिंधी पाहून कुणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही, पण सिद्धार्थला वाटलं. राममूर्ती खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढून बनियनला पुसत राहिले, आणि पुसून झाला तरी घालेनात. सिद्धार्थला आपल्या जिभेचा मनस्वी राग आला.

"मी जरा तोंड धुतो," म्हणत ते आत गेले.

अलमेलूंनी पितळी ब्रश उचलून जावयापुढे धरला.

"आई, मी मघाशी सांगितलं ना, हा ब्रश..."

"ऐकलं मी. चाळीस वरसं समया घासते. पितळ काय रंग सोडतं ते मला नको सांगू. घाल."

सिद्धार्थने घातला.

अकराला जनकोजी आले. कापी, म्हणजे फिल्टर कॉफी घेतली, चिंधी मागितली. ती कृष्णाच्या मूर्तीसारखी निळी होती. त्यांनी ती उलटून पाहिली, नळीला डोळा लावला, मग बराच वेळ भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघत राहिले.

"काका खरं बोलत होते तर," ते म्हणाले. "माझंच चुकलं, राममूर्ती. पुढच्या लग्नात सगळ्यांपुढे सांगतो." आणि त्यांनी आणखी अर्धा टंबळर कापी मागून घेतली.

ते गेल्यावर सिद्धार्थ आवराआवर करू लागला. आतून कसलातरी घासल्याचा आवाज येत होता. तो डोकावला. राममूर्ती देवघरापुढे बसून सहाणेवर चंदन उगाळत होते. शेजारी तिळाच्या तेलाची पळी आणि मोगऱ्याची फुलं होती.

"बाबा, आयुधपूजेला अजून सात महिने आहेत."

"माहीत अहे." ते उगाळतच राहिले. "माप्पिळ्ळै, ब्रश पितळेचा होता ना?"

सिद्धार्थने हातातला ब्रश पाठीमागे घेतला.

"अप्पा गेले त्या दिवशी मला जवळ बोलावलं. घर, शेत, कशाचंच बोलले नाहीत. म्हणाले, तुपाकीला चंदन लावायला विसरू नको, आणि खोल लाव. कशाला, ते मी विचारलं नाही. पन्नास वरसं विचारलं नाही." त्यांनी वाटी पुढे केली. "तुमीपण विचारू नका. नळी सरळ धरा."

सिद्धार्थने नळी सरळ धरली.