कापडपेढीची ओल हटविल्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असो, परंतु दुरून. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, भाद्रपद मासी समुद्रकाठच्या एका राज्यात नाल्याने बंड केले आणि राजश्री विश्रामशेट यांच्या तिमजली कापडपेढीत शिरून तळमजला काबीज केला. मग पाणी उपसले, परंतु भिंती पोटभर प्यालेल्या. त्या न वाळतील तर दसऱ्याचा माल आत येणे नाही, आणि दसरा हुकला तर पेढीस कुलूप. या चिंतेने शेटांस अन्न गोड लागेना. खिडक्या उघडाव्या, तो बाहेरील हवाच ओलीचिंब. मग बर्नार्ड मिस्त्री हवेतील पाणी ओढणारी यंत्रे घेऊन दाखल जाहले आणि दारेखिडक्या लावून बोलिले, "शेटानू, दार उघडलात तर माका दोष देव नकात." शेटांनी मान डोलाविली.

परंतु राज्याचा रिवाज ऐसा की, कोणावर संकट आले म्हणजे समाचारास जावे, आणि ज्यावर आले त्याने चहा पाजावा. मग समाचाराची फौज उठली. सराफ आले, भजनीमंडळ आले, निथळत्या छत्र्या आल्या आणि आधण अखंड उकळू लागले, आणि जो तो भिंतीस हात लावून "अजून ओलीच आहे हो" म्हणून सुस्कारा टाकी, आणि भिंत तोही पिऊन घेई. यंत्रे घायकुतीस आली. मिस्त्रींनी ओल मोजणारा काटा पाहिला तो कालच्याहून वर. "उद्या सकाळपर्यंत काटो खाली नाय इलो तर बुरशी धरतली," ऐसे बजाविले. शेटांनी समस्तांस बाहेर काढून आतून कडी घातली.

इतक्यात दारी साक्षात व्याही, विहीणबाईंसह. कन्येची सोयरीक नुकतीच जुळलेली. आत घ्यावे तर पेढी जाते, न घ्यावे तर सोयरीक. शेटांनी देवाचे नाव घेतले आणि फटीतून सरकून बाहेर आले आणि दार पाठीने लोटून भर पावसात हात जोडिले. "आत घेत नाही. रागवा, पण आत घेत नाही." मग पायरीवरच चहा मागविला. व्याही लाल जाहले, तरी बशी तोंडास लाविली. तो वरून पाऊस बशीत पडे आणि जितका चहा प्यावा तितका भरे, सरेचना. हे पाहून विहीणबाईंस हसू फुटले. "अहो, भिंतीसाठी एवढे भिजणारे व्याही मिळालेत. जपून ठेवा," त्या बोलिल्या. व्याहीही हसले. मग सराफ तेथेच बसले, भजनीमंडळाने टाळ काढिले आणि अवघा समाचार रस्त्यावर रंगला.

सारांश, सकाळी काटा उतरला, माल आत गेला, सोयरीक टिकली. राज्यातील समस्त माणसे भिजली आणि भिंत तेवढी कोरडी राहिली.