गोठ्यातील सहा भाच्यांची मोहीम

ज्यांस या भूतलावर स्वतःचे चार हात छप्पर नाही, परंतु ज्यांची अनामत दोन-तीन ठिकाणी अडकून पडली आहे, ऐशा समस्त भाडेकरू मंडळींचे स्मरणार्थ ही हकीकत लिहिली असे.

प्रांत आंबेगाव, मौजे अवसरी खुर्द येथे राजमान्य राजश्री दादाभाऊ यांणी म्हशी विकल्या, आणि गोठ्यास फरशी घातली, आणि भिंती घालून सहा खोल्या काढिल्या, आणि पत्रा होता तोच ठेविला. मग इंजिनीअरिंग शिकणाऱ्या सहा मुली तेथे नांदू लागल्या. त्यांत आणे पठाराची मोहिनी, नुकतीच दुसऱ्या वर्षात दाखल, दोन हजार भाड्यावर कोपऱ्याची खोली राखून होती. खोलीस वारा नव्हता, शेणाचा वास गेला नव्हता, परंतु किल्ली तिची होती आणि त्या किल्लीचा तिजला मोठा अभिमान.

इतक्यात नवे प्रवेश जाहले, गावात खोल्यांचा तुटवडा पडला, आणि दादाभाऊंचे फर्मान सुटले की, भाडे साडेतीन हजार द्यावे, न पेक्षां रविवारी खोली खाली करावी.  मोहिनीस घरून साफ हुकूम होता की, भाडे वाढले तर बिस्तरा घेऊन गावी, आण्यास, परत यावे, शिक्षण पुरे. करार दाखवून भांडावे तर कागद मुळीच नव्हता. दादाभाऊंस कागदाचे वावडे, कारण भाडेकरू कागदावर आला की घरपट्टी वाढे.

बुधवारी ग्रामपंचायतीचे मुलाजिम घरपट्टीची पाहणी करीत ओट्यावर दाखल जाहले आणि पृच्छा केली की, खोल्या भाड्याने दिल्या काय. भाऊबंद कुंपणावरून पाहात होते. दादाभाऊ न डगमगता बोलिले, "भाडं कशाचं सायेब? समद्या माझ्या भाच्या हायेत. भाचीकडनं कोन भाडं घेतं व्हय?" मुलाजिमांनी वहीत सहा भाच्या लिहिल्या. मोहिनी दारात कपडे वाळत घालीत होती, तिणे ऐकिले आणि मनी धरिले.

मग मसलत बसली. दुपारी सहाही जणी दादाभाऊंचे पडवीत ओळीने मांडी घालून बसल्या, आणि मोहिनी भाऊबंदांस ऐकू जाईल ऐशा आवाजात दादाभाऊंच्या कुटुंबास, सारजाबाईंस, बोलिली, "मामी, आमी जेवायला आलोय. मामाच्या घरी ऱ्हाऊन मेसचं खायचं व्हय?" भाची उपाशी उठली तर गावात तोंड कोठे दाखवावे, आणि भाची नव्हे म्हणावे तर घरपट्टी चढे, म्हणोन सारजाबाईंनी मुकाट्याने भाकऱ्या थापिल्या आणि पिठले केले. गुरुवारी पुन्हा पंगत जाहली. शुक्रवारी सहांतील आरती नामे सरदारणीने मामींकडे पुरणपोळीची फर्माईश केली. शेजारी विचारू लागले की, दादाभाऊंस इतक्या बहिणी कधी जाहल्या.

शनिवारी मोहिनीने अखेरचा खलिता धाडिला की, उद्या मामांचे हुकुमाने सहा भाच्या घराबाहेर निघत आहेत, सबब साडी-चोळी कोणत्या दुकानातून घेतली इतुके कळवावे, म्हणजे पाहण्यास भाऊबंदांसही बोलावू. तेव्हा सारजाबाईंनी परात आपटली. "तुमीच भाच्या केल्या, आता तुमीच थापा भाकरी," इतुके बोलून त्या चुलीपुढून उठल्या, आणि दादाभाऊंचा किल्ला आतून पडला.

तह जाहला तो ऐसा : भाडे दोन हजारच राहावे, त्याचा रीतसर कागद करावा, घरपट्टी दादाभाऊंनी भरावी, आणि भाच्यांनी आजपासून मेसला जेवावे. सोमवारी मंचरास जाऊन सह्या जाहल्या. मोहिनीने आण्यास फोन केला, आणि "आई, मी येत न्हाई" इतुके सांगून किल्ली कमरेस खोविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोपऱ्याची खोली, पत्र्यासह व वासासह, मोहिनीकडे मुदत अकरा महिने कायम केली असे. तिचे शिक्षण अजून तीन वर्षांचे आहे. बाराव्या महिन्याविषयी कागदात कलम नाही.